पिशव्यांची रांग

६ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच कपाटावर ठेवून देशील, असं धरूनच लिहिते आहे. फोन तू उचलत नाहीस. भावोजी उचलतात आणि "ती अंघोळीला गेलीये" म्हणतात. तीन वर्षं झाली या अंघोळीला. एव्हाना माणूस विरघळला असता गं.

तू का रागावली आहेस ते मला नक्की माहीत नाही. भाच्याच्या लग्नाला मी एक दिवस उशिरा पोचले, त्यावरून असेल असं मी धरून चालले आहे. काहीतरी धरल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, ही धंद्याची सवय.

पत्राचं कारण वेगळंच आहे. आपला संध्याकाळचा दवाखाना बंद होणार आहे. टेकडीच्या पायथ्याचा, निळ्या दाराचा. पुलापलीकडे नवं मोठं रुग्णालय उभं राहिलं आहे, त्यात तो मिसळून टाकायचा असा प्रस्ताव नगरपालिकेच्या आरोग्य समितीपुढे आहे. आणि तो प्रस्ताव ज्या अहवालावर उभा आहे, तो अहवाल मी लिहिला आहे. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून मीच सांगते. आधी मला शिव्या घालून घे, मग पुढे वाच.

मी काय काम करते हे तू एकदा विचारलं होतंस. मी इतकं लांबण लावलं की दूध उतू जातंय म्हणून तू उठलीस. गॅसवर दूध नव्हतंच, मी बघितलं होतं. तर आता थोडक्यात. आम्ही संगणकात एक गाव वसवतो. त्यात खोटी माणसं असतात. प्रत्येकाला वय, घर, काम, दुखणं, आणि घरापासून दवाखान्यापर्यंतचं अंतर दिलेलं असतं. ती सकाळी उठतात, कामाला जातात, खोकतात, रांगेत उभी राहतात, कंटाळून घरी जातात. मग आम्ही त्या गावातली एखादी गोष्ट बदलतो, इथला दवाखाना तिथे नेतो, घड्याळ भराभर पुढे फिरवतो आणि दहा वर्षांत कोण बरं झालं, कोण गेलं ते बघतो. खऱ्या माणसांवर प्रयोग करण्याआधी खोट्यांवर. नदीकाठच्या बंगल्यांतली माणसं टेकडीवरच्या माणसांपेक्षा पुष्कळ जास्त जगतात. ही तफावत कशानं कमी होईल ते शोधायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. आम्ही त्या गावाला प्रतिरूप म्हणतो. आमचे शिपाईमामा त्याला "बाईंचा खेळ" म्हणतात.

आमच्या विद्यार्थ्यांनी पंधरा दिवस संध्याकाळी दवाखान्यासमोर उभं राहून रांग मोजली. कधीच दहा-बारा माणसांच्या वर गेली नाही. एवढ्या थोड्या लोकांसाठी एक डॉक्टर अडकून पडतो, आणि पलीकडे तपासण्या, यंत्रं, चार-चार डॉक्टर. प्रतिरूप सांगतं की सगळं एका जागी नेलं तर टेकडीवरची माणसंसुद्धा जास्त जगतील. अहवाल स्वच्छ आहे. मी तो पुन्हा पुन्हा तपासला आहे.

पण काल सही करून निघाले आणि पाय उगाच तिकडे वळले. दार अजून निळंच आहे, नुसतं वरचेवर रंग चढवून जाड झालंय. औषधं देणारे बुचकाका आठवतात का? बाटलीला बूच लावताना जीभ बाहेर काढायचे ते. बाटलीवर कागदाची पट्टी डकवून डोसाच्या खुणा कापायचे, आणि आपण घरी येऊन गुलाबी औषध कुठल्या खुणेपर्यंत उतरलं यावर भांडायचो. आणि डॉक्टरीणबाई, दोन-दोन स्वेटर घालणाऱ्या, छातीला लावायची नळी आधी स्वतःच्या तळव्यावर ऊबदार करून घेणाऱ्या. मी बराच वेळ रस्त्याच्या अलीकडे उभी होते. एवढं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. चालणार नाही खरं तर, पण लिहायची पद्धत आहे.

तुझी,
ठकी


१९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी बोलत राहते, तू कपाटावर रचत राहा.

त्या दिवसापासून मला आपली खोली सारखी आठवते आहे. सायकलच्या दुकानावरची. खालून पंक्चरच्या रबराचा वास यायचा आणि आई म्हणायची, या वासानं मला मोकळं वाटतं. धादांत खोटं. आपण नाक दाबू नये म्हणून म्हणायची. उन्हं उतरली की भिंतीवर चाकांच्या आऱ्यांच्या सावल्या फिरायच्या, आणि तू मला सांगायचीस की ते चित्रपटगृह आहे, तिकीट काढ. मी तिकीट म्हणून तुला बटणं द्यायचे. माझ्या एकाही फ्रॉकला बटणं उरली नव्हती.

त्या वर्षी आईच्या छातीत क्षयाचा डाग निघाला. रोज एक सुई, कित्येक महिने, आणि एकही दिवस चुकवायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. बाबा लांबच्या बांधकामावर, महिन्यातून एकदा यायचे. आईचा बिस्किटांचे पुडे बांधायचा कारखाना सुटायचा साडेसहाला. दवाखाना सहा ते आठ, आणि रांग लागायची चारपासून. साडेसहाला सुटून धावत आलेल्या माणसाचा नंबर आठपर्यंत लागण्याची आशाच नको. म्हणजे चारपासून कुणीतरी आईची जागा धरायला हवी होती. माझी शाळा सकाळची होती, पण मी सात वर्षांची, मला कोण रांगेत मोजणार? तू तेरा वर्षांची आणि तुझी शाळा दुपारची. एका सोमवारी तुझं दप्तर खुंटीवरच राहिलं. आईनं त्या दिवशी तुझी वेणी जरा जास्तच घट्ट घातली, एवढं मला आठवतं.

मी शाळेतून येऊन, जेवून तुझ्या मागे मागे यायचे आणि दवाखान्याच्या पायरीवर खडे खेळायचे. तिथून सगळी रांग दिसायची. काय एकेक गंमत होती! सगळ्यांनाच कामं, चारपासून उभं राहायला कुणाला सवड? म्हणून जो तो आपली जागा धरायला काहीतरी ठेवून जायचा. शिंपीणबाईंची निळी पिशवी. दूधवाल्याची रिकामी बरणी. मास्तरांची छत्री, भर उन्हाळ्यातसुद्धा. आणि त्या म्हाताऱ्याची एकच चप्पल! दोन्ही ठेवल्या तर चोरीला जातील म्हणून डावी ठेवायचा आणि उजवी घालून लंगडत घरी जायचा.

या सगळ्या संसाराची राखणदार तू. भिंतीला एक पाय लावून, हातात विणकाम, आणि नजर पिशव्यांवर. कुणाची वस्तू कुणाच्या पुढे, सगळं तुला तोंडपाठ. एकदा एका दांडगटानं मास्तरांची छत्री उचलून मागे टाकली आणि स्वतः तिथे उभा राहिला. तू शांतपणे त्याच्या डोक्यावरची टोपी काढलीस, शेवटच्या बरणीमागे नेऊन ठेवलीस आणि म्हणालीस, "हा तुमचा नंबर." अख्खी रांग हसली. म्हणजे माणसं होती चार-पाचच, पण

थांब.

माणसं होती चार-पाचच.


२० फेब्रुवारी

काल लिहिता लिहिता पेन टाकून उठले. तेच पत्र पुढे लिहिते आहे.

आमच्या विद्यार्थ्यांना मी रांग मोजायला पाठवलं तेव्हा बजावून सांगितलं होतं, डोकी मोजा. अंदाज नको, समोर दिसतील तेवढी डोकी. त्यातल्या एका मुलीनं येऊन विचारलंही होतं, "मॅडम, तिथे खूप सामान पडलेलं असतं. कचरा उचलत नाहीत का?" आणि मी, त्याच पायरीवर वाढलेली बाई, अहवालात ओळ घातली: "दवाखान्याचा परिसर अस्वच्छ आहे."

काल पाचला तिथे गेले. भिंतीलगत पाण्याच्या बाटल्या, हेल्मेट, एक मोडकी खुर्ची, खडूनं खूण केलेली वीट, कचेऱ्या पुसणाऱ्या बायकांच्या पिशव्या आणि त्यातून डोकावणारे ॲप्रन. माणसं मोजली, नऊ. वस्तू मोजता मोजता तिशीच्या पुढे गेले तेव्हा थांबून पुन्हा पहिल्या बाटलीपासून मोजल्या. राखण करायला एक आजोबा स्टुलावर बसले होते. त्यांनी मला विचारलं, "तुमची वस्तू कुठाय?"

पुलापलीकडच्या रुग्णालयात टोकन आहे, ताई. आपण स्वतः जाऊन घ्यायचं आणि नंबर पुकारतील तेव्हा समोर हजर असायचं. तीनदा पुकारलं आणि आलं नाही की टोकन रद्द. पिशवीला टोकन मिळत नाही. कामावरून सुटून धावत येणारी सगळी माणसं, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला तीच माणसं, माझ्या गावात नव्हतीच. मी त्यांना वसवलंच नाही. आणि त्यांच्या नसण्याच्या जोरावर त्यांचाच दवाखाना बंद करते आहे.

हे पत्र आता पेटीत टाकते, नाहीतर फाडून टाकीन.

ठकी


२६ फेब्रुवारी

ताई,

विभागप्रमुखांना सांगितलं. आम्ही त्यांना आपसात "दशांश" म्हणतो, कारण ते पूर्णांकात कधी बोलतच नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "बाई, दोन वर्षांचं काम आहे. निधी देणाऱ्यांना काय सांगू? आमच्याकडून पिशव्यांची नाडी बघायची राहिली?"

मी म्हटलं, तसंच सांगा.

"समिती पंचवीस मार्चला बसतेय. अहवाल मागे घेतला तर पुन्हा आपल्याला कुणी दारात उभं करणार नाही. तुमच्याबरोबर त्या पोरांचंही नाव आहे त्यावर, हे लक्षात घ्या."

हे खोटं नव्हतं. माझ्या तीन विद्यार्थ्यांची पुढची नोकरी या अहवालावर आहे. मी त्यांना बोलावून सगळं सांगितलं. कचऱ्याबद्दल विचारणारी ती मुलगी पांढरीफटक पडली आणि मग म्हणाली, "मग पुन्हा मोजू या ना." दशांशांनी शेवटी मान हलवली. "मोजून दाखवा. पटलं तर मी तुमच्या बाजूनं, साधारण सत्तर टक्के."

आता अडलंय ते असं. माझ्या गावातल्या माणसाला रांगेत दोनच गोष्टी येतात, थांबणं किंवा निघून जाणं. पिशवी काय करते ते मला माहीत नाही. नंबर आला आणि मालक आला नाही तर पिशवीचं काय करायचं? एका पिशवीमागे एकच माणूस का? मी तिथे होते, पण खडे खेळत होते. स्टुलावरचे आजोबा नव्या माणसाला थांग लागू देत नाहीत, मला बघितलं की बहिरे होतात.

मला तुझी गरज आहे. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं. दवाखान्यासाठी तर आहेच. पण पत्रं लिहायला लागल्यापासून रोज कुणाला तरी सांगावंसं वाटतं की अगं, ती चप्पल आठवते का, आणि ती चप्पल आठवणारं जगात तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

येशील का?

ठकी


८ मार्च

ठके,

तुझी सगळी पत्रं मिळाली. न फोडता ठेवीन असं तुला वाटलं, पण मला कुठला एवढा दम? पहिलं दारातच फोडलं, पोस्टमन अजून वळलाही नव्हता.

आधी कामाचं.

एक पिशवी म्हणजे एक माणूस हे डोक्यातून काढ. शिंपीणबाईंच्या निळ्या पिशवीत त्या, त्यांची सासू आणि शेजारणीचं तान्हं असे तिघं असायचे. मास्तर मात्र एकटे.

आणि मालक नाही आला तर पिशवी काढायची नाही. मागे सरकवायची. मागच्याला पुढे जाऊ द्यायचं आणि पिशवी एक घर मागे. पुन्हा नंबर आला, पुन्हा मालक नाही, पुन्हा एक घर मागे. रांग सोडायची नाही. कारखान्यात जादा काम निघालं की आईला उशीर व्हायचा, तेव्हा आपली पिशवी मी अशीच सरकवत सरकवत शेवटाला न्यायची. जीव टांगणीला लागायचा. पण दार लागायच्या आत आई पोचायचीच. सगळेच पोचायचे.

आता बिनकामाचं.

लग्नाला तू उशिरा आलीस हे माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं. तू कुठे वेळेवर येतेस? तुला ते बक्षीस मिळालं तेव्हा पेपरात मुलाखत आली होती. ह्यांनी कौतुकानं चार पेपर आणले आणि शेजारी वाटले. त्यात तू म्हणालीस, "माझ्या बहिणीचं शिक्षण त्या रांगेत वाया गेलं, म्हणून मी या विषयाकडे वळले." दुसऱ्या दिवशी शेजारणी येऊन माझ्याकडे बघून हळहळून गेल्या. एकीनं तर माझ्या पाठीवरून हात फिरवला.

वाया?

शाळा सुटली तेव्हा मी रडले, नाही कशाला म्हणू? मोरीत जाऊन रडले, नळ सोडून. पण ते रडणं माझं होतं, तू ते पेपरात कशाला घातलंस? आईची एकही सुई चुकली नाही, ठके. पावसात नाही, तापात नाही, एकही नाही. शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "औषध माझं होतं, पण तिला तू वाचवलंस." आई त्यानंतर नातवंडं खेळवून गेली. मी जन्मात केलेलं सगळ्यात मोठं काम ते. आणि माझी शिकलेली बहीण ते नुकसानीत धरते, आणि गावभर सांगते.

मला बिचारी म्हणायचं नाही. एवढंच.

यायला जमणार नाही, गुडघे धरलेत. पिशव्या नीट मोज. त्या आजोबांना बहिरेपणा आला असेल तर त्यांच्यासाठी काहीतरी विणून पाठवते, मग येईल ऐकू.

ताई

ता.क. हे सांगतायत, बाई अंघोळीहून आली म्हणून कळव.


१५ मार्च

ताई,

तुझं पत्र विभागाच्या जिन्यात बसून वाचलं आणि तिथेच रडले. वरून दशांश उतरत होते. त्यांनी बघितलं, थांबले, आणि एक पायरी चुकवून खाली गेले.

काय लिहू? त्या मुलाखतीत मला तुझं कौतुकच करायचं होतं असं मी आतापर्यंत समजत होते. आज ते वाक्य पुन्हा वाचलं. त्यात कौतुक कुठेच नाही. मी सगळा जन्म माणसांचं काय काय कमी आहे ते मोजत आले, तीच फूटपट्टी तुलाही लावली. मला वाईट वाटतंय, आणि तुझा राग बरोबर होता.

तुझा नियम आम्ही प्रतिरूपात घातला. मालक नाही आला तर एक घर मागे, पण रांग सोडायची नाही. कचऱ्याचं विचारणाऱ्या आमच्या त्या विद्यार्थिनीनं त्या नियमाला नाव देऊन टाकलंय "ताई". आता प्रयोगशाळेत दिवसभर हेच चालतं. "ताई नीट चालत नाहीये." "ताईला जरा थांबव." "काल ताईनं सगळं गाव अडकवून ठेवलं." परवा शिपाईमामांनी विचारलं, या कोण नव्या बाई रुजू झाल्या?

स्टुलावरच्या आजोबांना तुझं नाव सांगितलं. लगेच ऐकू आलं. "टोपीवाली?" म्हणाले. ते तेव्हा तिथे होते, ताई! छत्रीच्या मागेच त्यांच्या वडिलांची पिशवी असायची म्हणे. त्यांनी मला बसायला विटेची जागा दिली आणि कोण कुठून येतं ते सगळं सांगितलं. विणून पाठव, राखाडी लोकर आवडते त्यांना.

एका बाबतीत मात्र तुझं चुकतंय, आणि हे मला सांगितलंच पाहिजे. तू म्हणतेस सगळेच पोचायचे. आम्ही रोज संध्याकाळी वस्तूंपाशी बसतो आहोत. दर चार-पाच वस्तूंमागे एकीचा मालक वेळेत येत नाही. पिशवी सरकत सरकत शेवटाला जाते आणि दार लागतं. मग कुणीतरी धापा टाकत येतं, दाराकडे बघतं, पिशवी उचलतं आणि निघून जातं. काल एक बाई आली. तिनं दाराला हात लावून बघितला, लागलेलं आहे हे दिसत असूनही. तिला मी विचारलं, कशासाठी आला होतात? म्हणाली, "कालच्यासाठीच." आदल्या दिवशीही ती अशीच परत गेली होती.

तेव्हाही अशी माणसं असणारच. तू तेरा वर्षांची होतीस. आई आली की तिचा हात धरून तू आत जायचीस, मागे कशाला बघशील? ही माणसं कुठल्याच नोंदीत नाहीत, दवाखान्याच्या नाही, माझ्या नाही, आणि तुझ्या आठवणीतही नाहीत. आता ती माझ्या गावात आहेत. त्यांच्यासह घड्याळ फिरवलं आणि दवाखाना पुलापलीकडे नेला, तर टेकडीवरची माणसं आजच्यापेक्षाही लवकर जातात. मी अगदी उलट लिहिलं होतं.

मला भीती वाटते आहे. पंचवीस तारखेला समितीपुढे उभं राहून स्वतःचाच अहवाल खोटा म्हणायचा आहे. तू शेजारी भिंतीला पाय लावून उभी असतीस तर बरं झालं असतं.

ठकी


२८ मार्च

ताई,

दवाखाना राहिला. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे झाकण ठेवलेला पाण्याचा पेला, आणि खुर्च्या इतक्या जड की मागे सरकवताना सगळ्यांनी वळून बघितलं. अध्यक्षबाई वयस्कर होत्या, पूर्वी लष्करात डॉक्टर होत्या म्हणे. मी उभी राहिले आणि म्हटलं, माझा अहवाल चुकीचा आहे, तो मी मागे घेते. कुणीतरी घसा खाकरला. मग मी पिशव्यांचं सांगितलं. चित्रं दाखवली, विटेचं, हेल्मेटचं, ॲप्रनवाल्या पिशव्यांचं. एक सदस्य हसून म्हणाले, "म्हणजे आता सामानाच्या आरोग्याचीही काळजी घ्यायची?" दोघं-तिघं हसले.

मला टोपी आठवली. मी म्हटलं, "साहेब, या इमारतीच्या दाराशी तुम्ही गाडी सोडून आलात. आत्ता कुणी बाहेरून बघितलं तर तिथे माणूस दिसणार नाही. म्हणून तुम्ही इथे नाही असं लिहायचं का?" अध्यक्षबाई म्हणाल्या, पुढे बोला.

मी आकडे सांगितले. मग त्यांनी दशांशांना विचारलं, तुमचं काय मत? ताई, मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होते. दशांश उठले आणि म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे." बसले. बस, तीन शब्द, टक्के नाहीत, साधारण नाही. आमच्या त्या विद्यार्थिनीनं टेबलाखाली माझा हात दाबला.

एक वर्ष दवाखाना तिथेच राहणार. वेळ सहा ते दहा, आणि नवीन रुग्णालयातला एक डॉक्टर रोज संध्याकाळी इकडे येणार. वर्षानं पुन्हा मोजायचं, वस्तूंसकट. मी म्हटलं, चालेल.

सगळे उठायला लागले तेव्हा अध्यक्षबाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "पिशव्यांचं तुम्हाला कसं कळलं? तुम्ही स्वतः त्या रांगेत उभ्या होतात?"

"नाही," मी म्हटलं. "माझी तेरा वर्षांची बहीण उभी होती. मी पायरीवर खडे खेळत होते."

पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं, इतक्या वर्षांच्या सवयीचं. मी ते गिळलं. म्हटलं, "आईला रोज सुई होती. माझ्या बहिणीनं जागा धरली म्हणून एकही चुकली नाही. आमची आई तिनं वाचवली."

बाई ऐकत राहिल्या. मग सहज, पर्सची चेन लावता लावता म्हणाल्या, "तेरा वर्षांची पोर आणि एवढी रांग सांभाळायची! हुशार असणार. काय व्हायचं होतं हो त्यांना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मला ते माहीत नव्हतं. आपण एका खोलीत वाढलो, एका चादरीत झोपलो. तुझी शाळा सुटली यावर मी भाषणं केली, बक्षीस घेतलं, पेपरात बोलले. तुझ्या दप्तरात काय होतं, कुठल्या पुस्तकाची पानं दुमडलेली होती, वर्गात कुठला तास तुला आवडायचा, हे मी कधी विचारलंच नाही. माझ्या लेखी तुझी फक्त शाळा सुटली होती. त्या बाई माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या आणि मी म्हटलं, "विचारून सांगते."

त्यांना सांगायचं म्हणून नाही गं. गुडघे दुखत असतील तर तू येऊ नकोस, मी येते रविवारी, आणि या वेळी वेळेवर येते. पण तोवर मला धीर धरवत नाही, म्हणून इथेच विचारते.

ताई, तुला काय व्हायचं होतं?

ठकी